पेन्सिलची नोंद कुठे ठेवायची? सरकारी आणि बँकिंग प्रकल्पांत सिस्टिम ॲनालिस्ट म्हणून उतरणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी तुमच्या हातात आरएफपी, म्हणजे निविदेचा दस्तऐवज, येईल. तीनचारशे पानांची पीडीएफ, मजकूर इंग्रजीत, जोडपत्रं मराठीत, काही पानं तिरकी स्कॅन झालेली. वरिष्ठ म्हणतील, "वाचून ठेव, सोमवारी मीटिंग आहे." कॉलेजात शिकलेल्या डेटा फ्लो डायग्रामचा आणि या पीडीएफचा संबंध काय, हेच तेव्हा कळत नाही. मी महसूल, कोषागार आणि सहकारी बँका अशा तिन्ही ठिकाणी हे काम केलं आहे, आणि दरवर्षी नवी मुलं-मुली याच पानांपाशी अडलेली बघतो. त्यांच्यासाठी हा लेख.

पद कुठे 'सिस्टिम ॲनालिस्ट' असतं, कुठे 'बिझनेस ॲनालिस्ट', कुठे 'फंक्शनल कन्सल्टंट'. काम एकच. कायदा लिहिणारा एक भाषा बोलतो, टेबलावरचा लिपिक दुसरी, कोड लिहिणारा तिसरी. तुम्हाला तिघांचं म्हणणं एकमेकांपर्यंत न सांडता पोचवायचं आहे. प्रणाली तुम्ही नव्याने जन्माला घालत नाही. ती रजिस्टरांत, शिक्क्यांत आणि माणसांच्या सवयीत आधीपासून चालू असते. ती नीट वाचता आली की पुढचं काम सोपं होतं. वाचता आली नाही, तर कितीही सुंदर स्क्रीन काढल्या तरी लोक वही बंद करत नाहीत.

पायरी १: आरएफपी मागच्या बाजूने वाचा

प्रस्तावना राहू द्या. आधी तीन गोष्टी शोधा: कामाची व्याप्ती, देयकाचे टप्पे आणि एसएलएमधला (सेवेच्या दर्जाच्या करारातला) दंड. देयकाच्या टप्प्यांवरून प्रकल्पात कोणाला कशाची घाई आहे ते उघड होतं. एसआरएस (प्रणालीने काय करायचं त्याचा लेखी दस्तऐवज) मंजूर झाल्यावर इतके टक्के, यूएटी (वापरणाऱ्यांनी स्वतः केलेली चाचणी) झाल्यावर इतके, गो-लाइव्हनंतर (प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर) इतके, उरलेले देखभालीच्या काळात तिमाहीने, अशी रचना साधारण असते. तुमचा प्रोजेक्ट मॅनेजर एसआरएसवर सही घ्यायला का धावतो, ते मग समजतं. त्या घाईत तुम्ही न विचारलेला प्रश्न पुढे वर्षभर छळतो, हेही ध्यानात ठेवा.

मग प्री-बिड (निविदा भरण्याआधी विचारलेल्या) प्रश्नांची उत्तरं आणि शुद्धिपत्रकं काढा. मूळ निविदेत 'अहवाल: जोडपत्राप्रमाणे' असतं आणि तिसऱ्या शुद्धिपत्रकात ते 'अहवाल: विभागाच्या आवश्यकतेनुसार' झालेलं असतं. शुद्धिपत्रक हा कराराचाच भाग असतो आणि मूळ मजकुरावर त्याचीच मात्रा चालते. मी नव्या प्रकल्पात गेलो की पहिल्या आठवड्यात मूळ निविदेच्या प्रिंटवर सगळी शुद्धिपत्रकं लाल पेनाने हाताने उतरवतो. काम कंटाळवाणं आहे, पण त्यानंतर बैठकीत 'हे स्कोपमध्ये आहे का' या वादात तुमचं बोट नेमक्या ओळीवर असतं.

अजून नोकरी लागली नसेल तरी हे करता येतं. राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर निविदा सार्वजनिक असतात. सॉफ्टवेअरची एखादी उतरवून घ्या आणि व्याप्तीतल्या प्रत्येक वाक्यासमोर 'हे पूर्ण झालं असं कशावरून म्हणायचं?' हा एकच प्रश्न लिहीत जा.

पायरी २: नियमाचा माग काढा

सरकारी प्रणालीतलं प्रत्येक बटण कोणत्या ना कोणत्या अधिकारातून येतं. वर अधिनियम, त्याखाली नियम, मग शासन निर्णय, मग परिपत्रक. तहसीलदाराला एखादी नोंद नामंजूर करायचा अधिकार कायद्यानेच नसेल, तर त्याच्या स्क्रीनवर 'नामंजूर' हे बटण द्यायचं नाही. दिलं आणि त्याने दाबलं, तर पुढे लेखापरीक्षणात किंवा कोर्टात उत्तर त्या अधिकाऱ्याला द्यावं लागतं, तुम्हाला नाही. म्हणून एसआरएसमधल्या प्रत्येक नियमासमोर त्याचा आधार लिहा: कोणता अधिनियम, कोणतं कलम, कोणत्या तारखेचा शासन निर्णय. महाराष्ट्राचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि प्रत्येकावर संगणक संकेतांक असतो. तोच तुमच्या तक्त्यात उतरवा. विषयाचं नाव लिहून भागत नाही, कारण एकाच विषयाचे पाच निर्णय असतात आणि चौथ्याने दुसरा अधिक्रमित केलेला असतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याखाली सेवा अधिसूचित होते तेव्हा तिच्याबरोबर तीन गोष्टी ठरतात: पदनिर्देशित अधिकारी, किती दिवसांत सेवा द्यायची, आणि अपील कोणाकडे. हे शब्द कोरडे वाटतात, पण तुमच्या वर्कफ्लोचा सांगाडा हाच. अधिसूचना हातात असेल तर निम्मा वर्कफ्लो कोणालाही न विचारता लिहून होतो आणि बैठक उरलेल्या निम्म्यासाठी वापरता येते.

बँकिंगमध्ये हीच जागा रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं घेतात. त्यांचं एक उदाहरण पुढे सविस्तर घेतो.

पायरी ३: रजिस्टर वाचा, समासासकट

इथे मी थांबणार आहे, कारण या धंद्यातलं सगळं शिक्षण मला इथे मिळालं.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क, गाव नमुना बारा म्हणजे पिकं. गाव नमुने एक ते एकवीस असे आहेत आणि त्यातला सहावा म्हणजे फेरफाराची नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला, की आधी फेरफार पडतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, आणि मग मंडळ अधिकारी, म्हणजे 'सर्कल', नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण ६अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. वारसांची वेगळी वही, ती ६क.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका तलाठी कार्यालयात तीन दिवस बसलो होतो. तिथले तलाठी, भाऊसाहेब, निवृत्तीला आलेले. मी त्यांच्या जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांवरचा प्रत्येक रकाना माझ्या एक्सेलमध्ये उतरवत होतो: भूमापन क्रमांक, भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पानावर मला एक नाव पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. बाकी सगळं शाईत. मला वाटलं, घाईत लिहिलं असेल. मी ते नाव इतर नावांसारखंच उतरवलं आणि पुढच्या पानाकडे वळलो.

भाऊसाहेबांनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि हात धरून थांबवलं. "हे अजून झालेलं नाही, साहेब. फेरफार पडलाय, सर्कलची सही व्हायचीय. सही झाली की मी शाईने करतो. नाही झाली तर खोडतो."

म्हणजे पेन्सिल हा एक स्टेटस होता. वहीत त्यासाठी वेगळा रकाना नव्हता, छापील फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता, पण जमीन घ्यायला आलेल्या माणसाला ती पेन्सिल दिसली की त्याला कळायचं, इथे काहीतरी चालू आहे, चौकशी करा. माझ्या डेटाबेसमध्ये पेन्सिलला जागाच नव्हती. तसंच पुढे गेलो असतो तर एक तर अप्रमाणित नाव मालक म्हणून छापलं गेलं असतं, किंवा प्रलंबित व्यवहार खरेदीदाराला दिसलाच नसता. दोन्हीत कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी बुडू शकते.

तेव्हापासून मी कोणत्याही कार्यालयात गेलो की छापील रकान्यांआधी न छापलेल्या गोष्टी शोधतो. लाल शाई, दुमडलेला कोपरा, टाचणीने लावलेली चिठ्ठी, रबरबँड लावलेला गठ्ठा, टेबलाच्या डाव्या बाजूचा ढीग आणि उजव्या बाजूचा ढीग. प्रत्येकाचा अर्थ विचारतो. बहुतेक वेळा तो एक स्टेटस असतो, एक प्राधान्यक्रम असतो, किंवा नियमात न बसणारा पण रोज घडणारा अपवाद असतो.

क्षेत्राचा रकानाही असाच फसवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. आता जुन्या नोंदीत कोणी '०.४' एवढंच लिहिलं असेल तर ते चाळीस आर की चार आर? चाळीस आर म्हणजे जवळपास एक एकर, चार आर म्हणजे जेमतेम चार गुंठे. डेव्हलपर साधा दशांश रकाना करून मोकळा होईल आणि मशीन '०.४' आणि '०.४०' एकच समजेल. तुम्ही तीन वेगळे रकाने मागा, आर आणि चौरस मीटर दोन्हीला नव्व्याण्णवची मर्यादा घाला, आणि संशयित नोंदींची यादी मूळ वहीशी ताडून बघण्यासाठी तलाठ्याकडे परत पाठवायची सोय ठेवा. आपल्या मनाने शून्य वाढवू नका.

बँकेतल्या वह्यांची भाषा त्याहून जुनी आहे. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची जुळणी), ताळेबंद. कॉमर्स न केलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एका छोट्या पतसंस्थेचा एका दिवसाचा व्यवहार हाताने लिहायला लावतो: जमा बाजू, नावे बाजू, खतावणीत उचल, दिवसअखेर तेरीज. तेरीज जुळली नाही तर जुळेपर्यंत उठायचं नाही. फिनॅकल, बँक्स किंवा दुसरी कोणतीही कोअर बँकिंग प्रणाली आतून हेच करते, फक्त वेगाने. हे हाताला बसलं की 'ट्रान्झॅक्शन रिव्हर्सल' म्हणजे नोंद खोडणं नसून उलटी नोंद करणं आहे, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. हिशोबात काहीच पुसत नाहीत.

पायरी ४: माणसांपाशी बसा

मीटिंग हॉलमध्ये साहेबांसमोर लिपिक नियम सांगतो. चहाच्या टपरीवर तोच लिपिक काम सांगतो. तुम्हाला दोन्ही हवं असतं, आणि दोन्ही वेगळं का आहे हेही. साहेबांशी आधी बोलून घ्या, परवानगी घ्या, आणि मग टेबलाशेजारी खुर्ची ओढून अर्धा दिवस नुसते बघत बसा. लॅपटॉप उघडू नका. वही चालते.

'तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय हवं?' हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. त्याला 'सोपं करा' याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा: शेवटचं अडलेलं प्रकरण कोणतं, ते दाखवता का? हा कागद नसेल तर अर्ज परत करता की ठेवून घेता? तुम्ही रजेवर गेलात तर कोण बघतं, कोणत्या लॉगिनने बघतं? वरून फोन येतो तेव्हा कोणती माहिती मागतात? शेवटच्या प्रश्नातून तुमचे निम्मे अहवाल निघतात.

वेळ पाळा. मार्च महिन्यात कोषागारात किंवा बँकेत रिक्वायरमेंट घ्यायला जाऊ नका. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तोवर तिथे कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. अधिवेशन चालू असताना मंत्रालयातल्या कार्यासनांतही तेच. पण एकदा तरी मार्चअखेरीला नुसते बघायला जाऊन उभे राहा. बिलांचा तो लोंढा बघितल्यावर 'सरासरी लोड' हा शब्द तुम्ही कागदावर जपून लिहाल.

बैठक संपली की त्याच संध्याकाळी इतिवृत्त पाठवा. काय ठरलं, काय ठरलं नाही, कोण कधीपर्यंत सांगणार. अधिकारी बदलतात; तीन वर्षांच्या प्रकल्पात प्रमुख दोनदा बदलणं नवलाचं नाही. नवे साहेब विचारतील, 'हे असं का केलं?' तेव्हा इतिवृत्तातली एक ओळच तुमच्या बाजूने बोलते.

पायरी ५: तपासता येईल असं लिहा

आता बँकेचं उदाहरण. यूपीआयने पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले, समोरच्याला पोचले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत व्हायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न बघता द्यायची. एटीएममधून रोकड आली नाही पण खात्यातून वजा झाली, तर मुदत पाच दिवस, भरपाईचा दर तोच.

नवा ॲनालिस्ट लिहितो: 'प्रणालीने अयशस्वी व्यवहारांसाठी नियमानुसार भरपाई द्यावी.' हे वाक्य कोणी तपासू शकत नाही. डेव्हलपर त्याला हवं ते करेल आणि टेस्टर त्याला 'पास' म्हणेल.

त्याऐवजी एक व्यवहार घेऊन दिवस मोजा. १० तारखेला रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी व्यवहार झाला. परिपत्रकात व्यवहाराचा दिवस म्हणजे कॅलेंडरची तारीख, म्हणून व्यवहार १० तारखेचाच, जरी मध्यरात्र पाच मिनिटांवर असली आणि बँकेची दिवसअखेर आधीच होऊन गेलेली असली तरी. मुदत ११ तारखेपर्यंत. पैसे १४ तारखेला सकाळी परत आले. भरपाई १२ आणि १३ ची की १४ चीही? सुट्टीचा दिवस धरायचा का? मधल्या काळात ग्राहकाने खातं बंद केलं असेल तर भरपाई कुठे जमा करायची? भरपाई कोणत्या खर्चखात्याला नावे टाकायची? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बँकेच्या अनुपालन किंवा लेखा विभागाकडून लेखी घ्या आणि तक्त्यात ठेवा: व्यवहाराचा प्रकार, तारीख, परतीची तारीख, अपेक्षित भरपाई. असे दहाबारा ओळींचे तक्ते एसआरएसच्या वीस पानांपेक्षा जास्त कामाचे असतात. तेच पुढे टेस्ट केस होतात.

ओळखक्रमांकही तोंडपाठ असू द्या. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आयएफएससी अकरा अक्षरांचा, पाचवं अक्षर शून्य. आधार बारा अंकी आणि शेवटचा अंक पडताळणीचा. फॉर्मवरच ही तपासणी मागितलीत, तर पुढे हजारो परतलेल्या पेमेंटचा निस्तार वाचतो.

पायरी ६: पैशाला वेगळी शिस्त लागते

सुरुवातीच्या वर्षांत एका अनुदान वाटपाच्या प्रकल्पात मी पेमेंट फाइलची मागणी लिहिली होती. फाइल बँकेकडे जाईल, बँक प्रतिसाद देईल, प्रतिसाद न आल्यास 'पुन्हा पाठवा'. इतकंच लिहिलं. एके दिवशी प्रतिसाद उशिरा आला, ऑपरेटरने बटण दाबलं, आणि काही लाभार्थ्यांच्या खात्यात दोनदा पैसे जमा झाले. नंतर वसुलीच्या नोटिसा निघाल्या. त्यातल्या एक आजी कार्यालयात येऊन म्हणाल्या, "बाबा, मी मागितले होते का?" त्यांच्याकडे ते पैसे उरले नव्हते, औषधाला गेले होते. चूक माझ्या त्या एका ओळीत होती. मी प्रत्येक देयकाला न बदलणारा एकमेव क्रमांक मागितला नव्हता आणि 'उत्तर आलं नाही' म्हणजे 'पैसे गेले नाहीत' असं धरून चाललो होतो.

म्हणून पैशाच्या प्रत्येक व्यवहाराला तीन अवस्था लिहा: झाला, झाला नाही, आणि माहीत नाही. तिसरी अवस्था नसेल तर एसआरएस परत करा. 'माहीत नाही' असताना पुन्हा पाठवायचं नाही. आधी चौकशी करायची, त्याच क्रमांकाने. रोज मेळ घाला: आपल्या वहीत काय, बँकेच्या वहीत काय, स्विचच्या (बँकाबँकांमधले व्यवहार फिरवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमध्ये काय. न जुळलेल्या ओळी कोणाच्या टेबलावर जाणार आणि किती दिवसांत सुटणार, हेही लिहा. सरकारी प्रकल्पांत हा भाग हमखास राहतो, कारण आरएफपीत तो एका ओळीत असतो.

पैसे पूर्णांक पैशांत किंवा ठरलेल्या दशांशांत ठेवायला सांगा, फ्लोटिंग पॉइंटमध्ये नाही. राउंडिंग कुठे करायचं ते ठरवून घ्या. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात. रोजचं व्याज रोज पूर्ण पैशांत आणलं आणि शेवटी आणलं, तर उत्तरं वेगळी येतात, आणि लाखो खात्यांवर तो फरक लेखापरीक्षकाला दिसतोच.

आणखी एक. 'बँक रात्री बंद असते' हे गृहीतक जुन्या प्रणालींत जागोजागी पुरलेलं आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. जुन्या प्रणालीचा विस्तार करत असाल तर 'कामकाजाचा दिवस' हा शब्द कोडमध्ये आणि कागदात कुठे कुठे आहे ते शोधून काढा.

पायरी ७: मराठी अक्षरांचा प्रश्न तुमचाच

हा भाग बाहेरगावच्या तज्ज्ञांना सुचत नाही, आणि मराठी येणाऱ्या ॲनालिस्टची किंमत इथे कळते. 'कऱ्हाडे' हे आडनाव संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतं. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त, ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारा जोडचिन्हाचा कोड, ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधात एक दुसऱ्याला सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हे दोन एकत्र आणत नाही. मग ऑपरेटर म्हणतो, "नाव नाहीये", आणि त्याच माणसाची दुसरी नोंद तयार होते. साठवतानाच एकच रूप ठरवा आणि ते एसआरएसमध्ये अक्षरांच्या कोडसह लिहा. वऱ्हाड, गिऱ्हाईक, तऱ्हा, सगळीकडे हेच.

जुना डेटा युनिकोडपूर्व फॉन्टमधला असेल तर रूपांतरानंतर जोडाक्षरं माणसाने बघायला हवीत. नावाचा क्रमही विचारा. महसुलात आडनाव आधी, बँकेत बहुधा नाव आधी, आधारवर तिसरंच. तीन नावं जुळतात की नाही ते मशीनने एका झटक्यात ठरवू नये. 'शंकास्पद' असा ढीग ठेवा आणि तो माणसाकडे पाठवा.

पायरी ८: स्थलांतर, चाचणी, सुरक्षा

केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. आपल्याकडच्या गावोगावच्या विकास सोसायट्या त्यातल्याच. अशा संस्थेचा डेटा आणताना पहिली अट एकच ठेवा: ठरलेल्या तारखेची तेरीज वहीत आणि प्रणालीत पैशापर्यंत जुळली पाहिजे. सभासदांची कर्जं वेगवेगळी जुळतात आणि एकूण जुळत नाही, असं झालं तर 'सस्पेन्स' खात्यात फरक टाकून पुढे जाण्याचा मोह होईल. तसं करू नका. सचिवाला घेऊन बसा आणि फरक शोधा.

यूएटीसाठी स्वच्छ नमुने घेऊ नका. सामाईक खातं, अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीन खातेदाराचा पालक), एकाच गटात वीस खातेदार, मयत सभासदाच्या नावावरचं थकीत कर्ज, असे अवघड नमुने त्या भाऊसाहेबांकडून आणि सचिवांकडून मागून आणा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. सरकारी ॲप होस्ट होण्याआधी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीवरच्या लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे 'असू दे, पुढे लागेल' म्हणून आधार क्रमांक किंवा जन्मतारीख मागायची सवय सोडावी लागेल. प्रत्येक रकान्यासमोर तो कशासाठी हवा ते लिहा. उत्तर नसेल तर रकाना काढा.

नोकरीची वाट

अभियांत्रिकी, एमसीए, एमएस्सी चालतं. बीकॉम करून एसक्यूएल शिकलेली मुलं बँकिंग प्रकल्पात फार लवकर पुढे जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे. एसक्यूएल यायलाच हवं, कारण 'असं कधी होत नाही' असं कोणी म्हणालं की एक क्वेरी टाकून किती वेळा झालं ते दाखवता येतं. बँकेच्या बाजूला राहायचं असेल तर जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा अभ्यासक्रम वाचा. परीक्षा देता आली नाही तरी पुस्तकं उपयोगी आहेत. ॲनालिस्टसाठी ईसीबीए हे सुरुवातीचं प्रमाणपत्र आहे. ते चांगलं, पण एका खऱ्या शासन निर्णयावरून तुम्ही स्वतः केलेला निर्णय-तक्ता मुलाखतीत त्याहून जास्त बोलतो.

कामं कुठे मिळतात? केंद्र सरकारची संगणक संस्था एनआयसी, पुण्याचं संगणक संशोधन केंद्र सी-डॅक, राज्याचं महाआयटी, यूपीआय चालवणारं मुंबईतलं एनपीसीआय, बँकांचे स्वतःचे आयटी विभाग, आणि निविदा घेणाऱ्या खासगी कंपन्या. सरकारी प्रकल्पांत बरीच पदं करारावर असतात. रुजू होण्याआधी करार कोणाशी, किती मुदतीचा, आणि प्रकल्प संपल्यावर काय, हे स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका.

पहिल्या महिन्यासाठी गृहपाठ

महाभूलेख या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून आपल्या गावातला एक सातबारा उतरवा. स्वतःच्या घरचा असेल तर उत्तम, म्हणजे घरात विचारायला माणसं असतात. एका कागदावर तीन रकाने आखा: काय लिहिलंय, कोण लिहू शकतं, कशाच्या आधारावर. वरपासून एकेक गोष्ट भरत या. पोटखराबा म्हणजे काय ते आजोबांना विचारा, 'इतर हक्क'मधल्या सोसायटीच्या बोजाची फेड झाली तर तो कसा निघतो ते सोसायटीच्या सचिवांना विचारा, फेरफार क्रमांकावरून मागे मागे जाऊन नाव कसं आलं ते शोधा. चारपाच संध्याकाळी जातील.

खाली येता येता शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिसेल, आणि तिथेच 'प्रलंबित फेरफार' असा छापील उल्लेख. तिथे थोडं थांबा. भाऊसाहेबांची पेन्सिल आता तिथे आहे.